उचल आणि परकीय चलन

परदेशात राबणाऱ्या कामगारांनी घरी पाठवलेला पैसा, ज्याला अर्थशास्त्रात ‘विप्रेषण’ म्हणतात, देशाच्या गंगाजळीत परकीय चलनाची भर घालतो आणि म्हणूनच तो परराष्ट्र धोरणाचा विषय ठरतो. 2023-24 मध्ये भारतात असे सुमारे 118.7 अब्ज डॉलर आले आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार त्यांतील 20.5 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्राच्या वाट्याला आले.

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले आणि इराकचा उघड निषेध करण्यात भारताने हात आखडता घेतला. त्यावर टीका झाली, परंतु 1,70,000 हून अधिक भारतीय अम्मानमार्गे सुखरूप परतले, यामागे ती सबुरीही होती. त्याच संकटात खनिज तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला आणि 1991 च्या चलनटंचाईला या दोन्हींनी हातभार लावला. कामगारांच्या परदेशी जाण्यावरही सरकारची नजर असते: 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली अल्पशिक्षित कामगारांना काही देशांत नोकरीसाठी सरकारी परवानगी लागते, तर त्यांच्या पगाराची किमान पातळीही भारत सरकार सुचवते. 2020 मध्ये आखातासाठी ती खाली आणण्यात आली आणि कामगारांच्या तीव्र विरोधानंतर पुढच्या वर्षी हा निर्णय मागे घ्यावा लागला.

हिंगोली जिल्ह्यातले स्थलांतर मात्र बहुतांशी देशाच्या सीमेच्या आतच राहते. सिद्धेश्वर धरणाचे पाणी वसमतच्या शिवारात पोचते. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरीच्या कोरडवाहू गावांतून आणि तांड्यांवरून मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात, काही पश्चिम महाराष्ट्रात, तर काही थेट कर्नाटकातील कारखान्यांवर. येथे पैशाची दिशाच उलटी आहे. आखातातला कामगार आधी राबतो आणि मग पैसे पाठवतो. ऊसतोड कामगाराच्या हाती मुकादमाकडून ‘उचल’ आधी पडते, जी नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, मिळते आणि पहाटेच्या थंडीत बांधलेल्या मोळ्यांच्या टनांमागे हंगामभर वळती केली जाते. त्या पैशाने लग्न उरकते, दवाखान्याचे देणे फिटते, बैल घेतला जातो. घरी पाठवण्याजोगे हंगामाअखेर फारसे उरत नाही, उलट फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे ही आगाऊ मजुरी नव्हे, श्रमावर घेतलेले कर्जच होय, आणि कर्जदार आपल्या मजुरीचा भाव ठरवू शकत नाही.

राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी 1979 मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. त्याने कंत्राटदाराला परवाना सक्तीचा केला आणि मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम किंवा 75 रुपये, यांपैकी जे जास्त असेल तो विस्थापन भत्ता ठरवला. हा हक्क कागदावर होता. परंतु ज्या कामगाराची नोंद फक्त मुकादमाच्या वहीत असते, त्याला तो मागण्यासाठी कुणाचे दार ठोठावायचे, याची सोय झाली नाही. रियाधला गेलेल्या मजुराच्या पाठीशी निदान दूतावास तरी असतो, कारण त्याच्या कमाईची मोजदाद दिल्लीत होते. बेळगावच्या फडातल्या कोयत्याची कमाई परकीय चलनात भर घालत नसली, तरी साखर कारखानदारी त्याच कमाईच्या मागे असलेल्या घामावर चालते, आणि सरकारने त्याची नोंद तितक्याच आस्थेने ठेवायला हवी.