प्रसिद्ध चित्राची कॉपी करून ऑइल पोर्ट्रेट शिकता येतं का?

समजा, जुहूच्या एका फ्लॅटमध्ये कुणीतरी व्हर्मीरचं 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग' कॅनव्हासवर उतरवलं आणि रील टाकली. पहिलीच कमेंट येणार, "ही तर कॉपी आहे!" पण कॉपी म्हणजे चोरी की शिक्षण?

मुंबईचं जुनं उदाहरण

१८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची कॉपी करायला लागले. कॅनव्हासवर, तैलरंगात. हे काम १८८५ पर्यंत चाललं. लंडनला पाठवलेल्या बऱ्याच कॉपी आगीत जळाल्या, पण शिकलेला हात राहिला. त्या चमूतले पेस्तनजी बोमनजी पुढे तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांसाठी नावाजले गेले.

कॉपीतून नेमकं काय शिकतो?

समोर बसलेला माणूस हलतो, उजेड बदलतो. चित्र मात्र स्थिर असतं. व्हर्मीरच्या सुमारे १६६५ च्या या चित्रात पार्श्वभूमी काळी आणि उजेड एकाच बाजूने आहे, त्यामुळे सावल्या समजायला सोपं जातं. त्यातला मोती पाहा. त्याला पूर्ण बाह्यरेषाच नाही, फक्त पांढऱ्या रंगाचे मोजके फटकारे आहेत. माहीत आहे ते नाही, दिसतं ते रंगवायचं, हा धडा इथे मिळतो.

सुरुवात कशी करायची?

- आधी एकाच तपकिरी रंगात उजेड-सावली मांडा. डोळे किलकिले करून मूळ चित्राशी ताडून पाहा.
- मग रंगांचे थर द्या. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. उलटं केलं तर रंगाला तडे जाऊ शकतात.
- घाई नको. तैलरंगातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे घट्ट होतं, त्याला काही दिवस लागतात. जुहूसारख्या समुद्राकाठी, पावसाळ्यात तर आणखी वेळ लागू शकतो.
- टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवा.

कायदा काय म्हणतो?

भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. व्हर्मीर १६७५ मध्ये, राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रं खुली आहेत. एम. एफ. हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांना अजून संरक्षण आहे. चित्र खुलं असलं तरी मूळ सही उतरवू नका. "व्हर्मीरच्या चित्रावरून" असं लिहून खाली स्वतःचं नाव टाका.

कॉपी पूर्ण झाली की घरातल्या कुणालातरी तसंच खिडकीजवळ, एका बाजूच्या उजेडात बसवा आणि रंगवा. कॉपीतून किती शिकलात, ते तिथे कळेल.