बॉसच्या हाताखाली किती माणसं?

रजेचा मेल टाकलाय. तो आधी टीम लीडकडे, मग मॅनेजरकडे, मग सीनिअर मॅनेजरकडे... तोवर गावाकडच्या ट्रॅव्हल्स फुल्ल! अशा वेळी बॉसच्या नावाने बोटं मोडणं सोपं. पण घोळ बऱ्याचदा एका आकड्याचा असतो. एका साहेबाच्या हाताखाली थेट किती माणसं? मॅनेजमेंटच्या भाषेत हा ‘स्पॅन ऑफ कंट्रोल’, म्हणजेच नियंत्रणकक्षा.

साहेबांचे मजले

समजा, कंपनीत काम करणारे २५६ जण आहेत. दर चौघांवर एक साहेब नेमला तर ६४, त्यांच्यावर १६, मग ४ आणि सगळ्यात वर १. झाले ८५ साहेब आणि चार मजले! तेच दर १६ जणांवर एक नेमला, तर १७ साहेब आणि दोनच मजले.

मग सगळे असंच का करत नाहीत? व्ही. ए. ग्रेकुनास या सल्लागाराने १९३३ मध्ये हिशेब मांडला. साहेबाचं प्रत्येकाशी, वेगवेगळ्या गटांशी आणि त्यांचं आपापसांत अशी सगळी नाती धरली, तर चार माणसांची ४४ नाती होतात, पाचांची १०० आणि सहांची थेट २२२! डोकं चालणार तरी किती?

यवतमाळ पॅटर्न

आता यवतमाळ जिल्हा बघा. १६ तालुके, एका टोकाला वणी, दुसऱ्या टोकाला उमरखेड. म्हणून जिल्हाधिकारी ते तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) यांच्यामध्ये उपविभागीय अधिकारी, तहसीलदार आणि मंडळ अधिकारी असे तीन मजले आहेत. चकरा वाढतात, हे खरंच. पण सातबाऱ्याचा फेरफार तलाठी नोंदवतो, मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करतो आणि निर्णय पटला नाही तर अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातं. वरच्या मजल्यावर चूक सुधारायची सोय असते!

अंगणवाडीचा आकडा तर आणखी बोलका. बालविकास योजनेच्या निकषांत एका पर्यवेक्षिकेकडे शहरी प्रकल्पात २५, ग्रामीण भागात २० आणि आदिवासी भागात १७ सेविका धरल्या गेल्या. काम तेच, आकडा कमी. झरी-जामणीकडे एका पोडावरून दुसऱ्या पोडावर जायचं, तर दिवस रस्त्यातच जातो. शहरातला आकडा तिथे लावला, तर भेटी फक्त रजिस्टरमध्येच होतील. त्याची किंमत मोजणार ती वजन न झालेली पोरं.

तेव्हा ‘आमची कंपनी एकदम फ्लॅट’ असं एचआर सांगतो, तेव्हा लगेच भाळू नका. मजले कमी म्हणजे निर्णय झटपट, पण प्रमोशनच्या पायऱ्याही कमी आणि साहेबाच्या वाट्याला माणसं जास्त. सगळ्यांचं काम एकसारखं असेल, तर तीस जणही सांभाळता येतात. रोज नवा प्रॉब्लेम असेल, तर आठही जड जातात.

पुढच्या इंटरव्ह्यूत विचाराच!

● माझ्या बॉसकडे थेट किती जण आहेत?
● माझ्यापासून सर्वांत वरच्या साहेबापर्यंत किती मजले?
● रजा कोण मंजूर करतं आणि अप्रेझल कोण लिहितं?

पॅकेजइतकीच ही उत्तरंही महत्त्वाची, बरं का!