तापलेल्या इंजिनाचे निदान

‘मोटारीचे इंजिन तापते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले, तरी यंत्रज्ञाच्या दृष्टीने ते अपुरे होय. म्हणूनच अशी तक्रार आली असता जाणता मिस्त्री लगेच पाना हाती घेत नाही. ‘केव्हा तापते?’ असे तो प्रथम विचारतो. निदानाचा बराचसा भाग या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेला असतो.

पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिच्यापैकी स्थूलमानाने एक तृतीयांशच गाडी चालविण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच सायलेन्सरवाटे बाहेर पडते, आणि उरलेलीचा मोठा भाग सिलिंडरांभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप हे पाणी फिरवितो. पाणी सुमारे ८२ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले म्हणजे थर्मोस्टॅटची झडप उघडते, आणि ते वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येऊन निवते. रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नव्हे. ते पाण्यावर दाब राखते, व हा दाब वातावरणाच्या दाबाहून सुमारे १ बार अधिक असला तर साधे पाणीदेखील १२० अंशांपर्यंत उकळत नाही. सैल झालेल्या झाकणामुळे, अन्य काहीही बिघाड नसताना, गाडी उकळू शकते ती यामुळेच.

बोरघाटाचे उदाहरण घेतल्यास हा हिशेब स्पष्ट होईल. पायथ्याचे खोपोली आणि माथ्यावरचे लोणावळे यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरांचे अंतर आहे. ही चढण खालच्या गिअरमध्ये चढताना इंजिनावर भार सर्वाधिक, तर गाडीचा वेग आणि त्यामुळे रेडिएटरवर येणारा वारा मात्र अल्प असतो. बॉनेट उघडून घाटात उभ्या असलेल्या मोटारी हे एके काळी नित्याचे दृश्य होते, ते याच कारणाने. घाट नवा दोष निर्माण करीत नाही. सपाटीवर झाकून राहिलेला दोष तो उघडकीस आणतो, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भाषाशास्त्रात ‘काल’ आणि ‘खाल’ यांसारखी जोडी घेऊन, एकच ध्वनी बदलला असता अर्थ बदलतो की नाही, हे पाहतात. मिस्त्रीची रीतही तत्त्वतः हीच आहे. शहरातल्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, असे असेल तर दोन स्थितींतला मुख्य भेद वाऱ्याचा. वेगात वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर तो पंख्यानेच द्यावयाचा असतो. तेव्हा संशय पंख्यावर, त्याच्या स्विचवर, रिलेवर वा फ्यूजवर, आणि जुन्या गाडीत पट्ट्यावर जातो. उलट, गर्दीत ठीक पण भरधाव वेगात वा चढणीवर तापते, अशी तक्रार असेल तर पंखा निर्दोष मानून पाण्याचा प्रवाह तपासावा. कठीण पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. किंवा खालचा जुना होज पंपाच्या ओढीने आत चेपतो. गाडी उभी केली की तो पुन्हा पूर्ववत होतो, त्यामुळे हा दोष पुष्कळदा नजरेतून निसटतो.

थंड गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर गेला, पाणी पुरेसे असूनही इंजिनाकडील भाग कढत आणि रेडिएटर थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असण्याचा संभव फार. उष्ण प्रदेशात याची गरजच काय, असे म्हणून तो काढून टाकण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ती समर्थनीय नाही. थर्मोस्टॅटवाचून इंजिन योग्य उष्णतामानापर्यंत पोहोचण्यास विलंब लागतो, झीज व पेट्रोलचा खर्च वाढतो. आणि काही इंजिनांत आडवाट उघडी राहून बरेचसे पाणी रेडिएटरला वगळूनच फिरत राहते. नवा थर्मोस्टॅट फार महाग नसतो.

सर्वांत गंभीर प्रकार पाणी खाणाऱ्या गाडीचा. बाहेर कोठे गळती दिसत नाही, तरी पाणी कमी होते. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधट दिसते, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात. ही लक्षणे हेड गॅस्केट फुटल्याची होत. खात्री करून घेण्यासाठी रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. ज्वलनवायू असल्यास तो पिवळा पडतो. हे बहुधा पूर्वीच्या तापण्याचेच फळ असते. ॲल्युमिनियम हे बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे अतितप्त हेड वाकडे होते आणि गॅस्केट दबलेले राहत नाही. मग हेड उतरवून फेसिंग करणे, नवे गॅस्केट घालणे, हाच उपाय. हेड चिरलेले असेल तर तेही पुरत नाही. आणखी दोन किलोमीटर रेटून नेण्याची किंमत ही अशी असते.

म्हणून काटा लाल पट्टीकडे जाऊ लागताच एअर कंडिशनर बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. तोही एक लहान रेडिएटरच आहे. तरीही काटा उतरत नसेल तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. झाकण मात्र उघडू नये. दाब सुटताच शंभर अंशांपलीकडे तापलेले पाणी क्षणार्धात उकळून अंगावर येते. गरम इंजिनावर थंड पाणी ओतणेही तितकेच घातक, कारण त्याने धातूला तडा जाऊ शकतो. चढलेला काटा वेग कमी न करताच अकस्मात खाली आला, तर चालकाला हायसे वाटते. परंतु पाणी पार घटून सेन्सर कोरडा पडल्यानेही तसे घडते, आणि तेव्हा क्षणभरही इंजिन चालू ठेवू नये.

इंजिन पूर्ण निवल्यावर, सुमारे तासाभराने, कूलंट वा पाणी सावकाश भरावे, आत अडकलेली हवा निघून जाऊ द्यावी, आणि पातळी पुन्हा एकदा पाहूनच झाकण घट्ट बसवावे.