'अपैशुन्य' : ज्ञानेश्वरीतील एका शब्दाचा अर्थविचार

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत 'अपैशुन' हे एक होय. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानदेवांनी या शब्दाचे विवरण करताना जे दृष्टान्त योजिले, ते प्रथमदर्शनी वाचकास बुचकळ्यात पाडतात. चिखलात रुतलेली गाय दुभती की भाकड हे न पाहता तिच्यासाठी कासावीस होणारा मनुष्य. बुडणाऱ्याची जात न विचारता त्याचा प्राण राखणारा दयाळू. आणि रानात पाप्यांनी विवस्त्र केलेल्या स्त्रीला वस्त्र नेसविल्यावाचून तिच्याकडे दृष्टी न टाकणारा शिष्ट. 'पैशुन्य म्हणजे चहाडी' एवढाच अर्थ मनात धरून या ओव्यांकडे आले, तर यांत चहाडीचा संबंध कोठे येतो, असा प्रश्न साहजिकच पडतो. दृष्टान्त विषयाला सोडून आहेत, की आपण शब्दाचा अर्थ अपुरा घेतला आहे, हे पाहण्यासाठी 'पिशुन' या शब्दाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

शब्द अतिप्राचीन आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०४ व्या सूक्तात तो येतो आणि तेथे पिशुन हे इंद्राच्या शस्त्राचे लक्ष्य आहेत. अमरकोशात 'पिशुना'च्या शेजारी 'कर्णेजप' आणि 'सूचक' हे शब्द बसविलेले आढळतात. 'कर्णेजप' म्हणजे कानाशी पुटपुटणारा. हे रूप सिद्ध करण्यास पाणिनीने सूत्रात व्यवस्था केली आहे, त्या अर्थी शब्द त्याच्या काळी चांगलाच रुळलेला असावा. परंतु आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा शब्द 'सूचक' हा होय. जे दिसत नाही ते दाखवून देणारा, हा त्याचा मूळ आशय; आणि 'पिशुना'चाही गाभा तोच आहे असे मला वाटते.

याला आधार कालिदासाचा. मेघदूतात कुरुक्षेत्राचे वर्णन करताना त्या भूमीला क्षत्रियांच्या युद्धाची 'पिशुन' म्हटले आहे. तेथे निंदेचा वास नाही. झालेले युद्ध ती भूमी सुचविते एवढेच. शाकुंतलाच्या सहाव्या अंकातील दुष्यंताच्या अमात्याचे नावच पिशुन आहे, आणि जहाज फुटून निपुत्रिक मरण पावलेल्या व्यापाऱ्याचे प्रकरण राजाला लेखी कळविणारा तोच. केशरालाही अमरकोशाने हे नाव दिले आहे. कोठेही लपविले तरी त्याचा गंध त्याला उघडे पाडतो म्हणून, असा तर्क करण्याचा मोह होतो. नारदाचेही 'पिशुन' हे एक नाव कोशकार देतात. आपल्या 'कळीच्या नारदा'चे हे संस्कृत कुळ म्हणावयास हरकत नाही.

आता धर्मशास्त्राकडे वळू. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात वाणीची चार पापे सांगितली आहेत : पारुष्य, अनृत, पैशुन्य आणि असंबद्ध प्रलाप. बौद्धांच्या पाली ग्रंथांतही वाणीची अकुशल कर्मे हीच चार आहेत. 'पिसुणा वाचा' आणि 'सम्फप्पलाप' ही तेथे अशीच वेगळी धरिली आहेत. ज्याला आपण आज सरसकट कुटाळकी म्हणू, त्याचे प्राचीनांनी येथे दोन भाग केले : चकाट्या पिटणे निराळे आणि पैशुन्य निराळे. त्याहूनही लक्षणीय गोष्ट अशी की, पैशुन्य हे असत्याहून पृथक् गणले आहे. अर्थात् सांगितलेली गोष्ट खरी असली, तरी पैशुन्याचा दोष टळत नाही. 'मी खोटे काय बोललो?' हा जो बचाव आपण नित्य ऐकतो, तो या वर्गीकरणापुढे टिकत नाही. पाली टीकाकारांनी 'पिसुण' या शब्दाची फोड 'पिय' आणि 'सुञ्ञ' अशी केली आहे : ऐकणाऱ्याच्या हृदयात स्वतःला प्रिय करावे आणि दुसऱ्याची जागा रिकामी करावी. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य होणार नाही. पण मनुष्यस्वभावाचे निरीक्षण म्हणून ती बिनचूक आहे.

गीताभाष्यात शंकराचार्यांनी पैशुनाची व्याख्या करताना एकाचे छिद्र दुसऱ्यापुढे प्रकट करणे, असा अर्थ दिला आहे. भर 'प्रकट करणे' यावर आहे, बोलण्यावर नाही. ज्ञानदेवांच्या दृष्टान्तांची किल्ली येथे सापडते. पैशुन्य म्हणजे उघडे करणे असेल, तर त्याचा अभाव केवळ मौनाने सिद्ध होत नाही. त्याला झाकण्याची क्रिया हवी. रानातील स्त्रीचा दृष्टान्त विषयाला सोडून तर नाहीच, उलट तो शब्दाच्या नेमक्या अर्थावर बोट ठेवतो. पहिल्या दोन दृष्टान्तांचे कामही यावरून उलगडते : दोष असलेला मनुष्य हा त्यांच्या दृष्टीने प्रथम अडकलेला, बुडणारा मनुष्य आहे. नकारार्थी सद्गुणाला असे कृतीचे रूप देणे ही ज्ञानदेवांची स्वतंत्र भर होय.

येथे एक आक्षेप संभवतो. आजच्या मराठीत 'पांघरूण घालणे' हा वाक्प्रचार अपराध दडविण्याच्या अर्थाने रूढ आहे. मग अपैशुन्य म्हणजे तेच काय? ओव्यांचा क्रम पाहिला तर तसे दिसत नाही. पुढच्याचे उणे आपल्या गुणाने आधी भरून काढावे, पडलेल्यास उभे करावे, आणि मग त्याच्याकडे पाहावे; वर्मी मात्र लागू नये, असा तो क्रम आहे. पांघरूण घालणारा दोष तसाच राहू देतो. येथे दोषाचे निवारण दर्शनाच्या आधी येते.

पुढे बोलीतून 'पैशुन्य' मागे पडले आणि त्याची जागा अनेक शब्दांनी वाटून घेतली. 'चहाडी' बहुधा वरिष्ठाच्या कानी जाते. फारसीतून आलेली 'चुगली' तिची सख्खी शेजारीण. 'कागाळी'त तक्रारीचा भाग अधिक, तर 'कंडी' आणि 'आवई' यांना पिकविणारा सहसा सापडत नाही. शंकराचार्यांच्या व्याख्येला सर्वांत जवळचा प्रयोग मात्र कोशातल्या जड शब्दांत नसून घराघरांतल्या बोलण्यात आहे : 'उखाळ्यापाखाळ्या काढणे'.