निघण्याचा दिवस

आश्विन वद्य द्वादशी आली की घरोघरी वसुबारसेची लगबग सुरू होते. गाय-वासराची पूजा होते, पहिली पणती लागते आणि दिवाळी उंबरठ्याशी येऊन उभी राहते. दत्तसंप्रदायी मंडळींस मात्र हीच तिथी गुरुद्वादशी म्हणून वंद्य आहे. श्रीपाद श्रीवल्लभांनी कुरवपुरी कृष्णेच्या पात्रात अवतार गुप्त केला तो हा दिवस. आणि श्रीनृसिंहसरस्वती नरसोबाच्या वाडीहून गाणगापुरास निघाले तोही, परंपरेप्रमाणे, हाच दिवस. ज्या औदुंबरातळी बारा वर्षे वास्तव्य झाले ते स्थान सोडताना महाराजांनी बरोबर काय नेले? दंड आणि कमंडलू. मागे काय ठेविले? पादुका. त्या पादुकांपुढे आज पाचशेहून अधिक वर्षे माणसांची रीघ लागून राहिली आहे.

गेली चाळीस वर्षे आम्ही या तिथीच्या सुमारास कीर्तनास उभे राहतो आणि पूर्वरंगात हाच विषय मांडतो. श्रोते माना डोलावितात, आम्हीही मनात सुखावतो. परंतु खरे सांगावयाचे तर, त्या निरूपणाचा अर्थ आम्हांस साठी उलटेपर्यंत कळला नव्हता. तो कळला, राहता वाडा सोडण्याची वेळ आली तेव्हा.

सतरा पाने आणि एक पान

वाडीतील आमचा वाडा आजोबांनी बांधलेला. पुढे ओसरी, आत लांबरुंद माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, वर माडी, मागे परसात विहीर आणि तुळशीवृंदावन. आमच्या लहानपणी तेथे दोन वेळा सतरा पाने मांडली जात. पौर्णिमेस आणि उत्सवास येणारे यात्रेकरू वेगळेच. पुढे थोरले गेले, बंधू गेले, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास आणि कन्या परदेशी स्थायिक झाली. २०१६ साली आमच्या गृहिणी निवर्तल्या आणि त्या सतरा पानांच्या घरात एकच पान उरले.

एकट्या माणसाचे मोठे घर म्हणजे काय, हे अनुभवावाचून समजत नाही. सायंकाळी देवघरात निरांजन लावावे आणि उरलेल्या अकरा खोल्या अंधारात असाव्यात. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावयास माणूस मिळू नये. एक भिंत सावरावी तोवर दुसऱ्या भिंतीस पोपडे यावेत. आम्ही घरात राहत होतो की घराची चाकरी करीत होतो, असा प्रश्न पडे. तरी निघवत नव्हते.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेल्या गावास पूर नवा नाही. पाणी उत्तरद्वाराने देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करावयास लोक दुरून येतात. पाणी चढू लागले की सामान माळ्यावर टाकावयाचे, ही वाडीकरांची जुनी सवय. पण त्या वर्षी पाणी माडीच्या जिन्याशी आले आणि आम्हांस खिडकीतून नावेत उतरविण्यात आले. हातात देवांचा संपुष्ट होता आणि खांद्यावर वीणा. बाकी सारे मागे राहिले, आणि आम्ही जिवंत होतो.

पाणी ओसरल्यावर परतलो, तेव्हा कोठीच्या खोलीतील खालच्या फळीवरच्या पोथ्यांचे चिखलाने गोळे झाले होते. पणजोबांच्या हातचे अक्षर त्यात होते. वर्षानुवर्षे त्या पोथ्या आम्ही 'आमच्या' म्हणत आलो. त्या कोणास दिल्या नाहीत, कोणास दाखविल्या नाहीत. संरक्षण केले अशी समजूत होती. वेळीच योग्य ठिकाणी दिल्या असत्या तर त्या आज वाचल्या असत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा आम्ही निश्चय केला.

अवधूताचे तीन गुरू

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजास अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. संप्रदायाच्या श्रद्धेप्रमाणे तो अवधूत म्हणजे श्रीदत्तप्रभूच. नाथमहाराजांनी याच स्कंधावर केलेले प्राकृत विवरण १५७३ साली काशीत पूर्ण झाले. त्या चोवीसांपैकी तिघे गुरू त्या दिवसांत आमच्याशी जणू नव्याने बोलू लागले.

पहिला गुरू सर्प. तो स्वतः घर बांधीत नाही. दुसऱ्याने केलेल्या बिळात एकटा सुखाने राहतो. दुसरी गुरू कुमारिका. घरी पाहुणे आले असता ती एकटी भात कांडावयास बसली आणि हातांतील कंकणे वाजू लागली. घरचे दारिद्र्य पाहुण्यांस कळू नये म्हणून तिने एकेक कंकण उतरविले. दोन उरली तरी नाद होईच. प्रत्येक हाती एकच उरले तेव्हा शांतता झाली. तिसरा गुरू कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्ष्यांनी त्याचा पिच्छा पुरविला. त्याने तो तुकडा टाकला आणि त्याच क्षणी तो सुखी झाला.

एकटेपणास आम्ही दुर्दैव समजत होतो. अवधूताने त्यास एका कंकणाची शांतता म्हटले. मात्र ती शांतता लाभण्यासाठी आधी कंकणे उतरवावी लागतात, हा कथेचा अर्धा भाग आम्ही विसरलो होतो.

आक्काचे माहेर

खरी परीक्षा पुढेच होती. वडिलोपार्जित वास्तू, तिजवर आमच्याप्रमाणे दिवंगत बंधूंच्या चिरंजीवांचा आणि आमच्या थोरल्या भगिनीचाही हक्क. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात कन्येस पुत्राच्या बरोबरीने वाटा मिळाला आहे. आणि कायदा नसता तरी तिला विचारल्यावाचून पाऊल टाकणे आम्हांस शोभले नसते. आक्का सांगलीहून आली. ओसरीवर बसून सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, सही मी करीन. पैशाचे मला काही नाही. पण वाडा विकल्यावर माझे माहेर कुठे राहील, तेवढे सांग."

आम्ही शास्त्राचे पंडित म्हणविणारे. त्या प्रश्नापुढे निरुत्तर झालो. वानप्रस्थ, अपरिग्रह, अनासक्ती हे शब्द जिभेवर आले आणि तेथेच थिजले. दुसऱ्याच्या माहेरावर आपले वैराग्य उभारता येत नाही. चार महिने आम्ही विषय काढला नाही. अखेर तिनेच निरोप धाडला, "तू तिथे एकटा पुरात सापडशील या धास्तीने मला झोप येत नाही. वाडा दे. तू सुखरूप असलास की माझे माहेर आहे."

काय ठेविले, काय दिले

या वाटेने जाणाऱ्या ज्येष्ठ वाचकांस उपयोग व्हावा म्हणून चार गोष्टी सांगतो. प्रथम नवी जागा मोजावी, मग जुने सामान पाहावे. आम्ही उलट केले आणि सागवानी फडताळ नव्या दारातून आत जाईना. सदनिका घेताना चटई क्षेत्र विचारावे; २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विक्रीची किंमत त्याच क्षेत्रावर सांगणे बंधनकारक आहे. उद्वाहन, दाराची रुंदी, स्नानगृहातील आधाराची दांडी यांकडे आज लक्ष गेले नाही तरी उद्या जाणार आहे.

देवघराविषयी मन फार चरफडते. आमच्याकडे बावीस मूर्ती व टाक होते. त्यांपैकी पंचायतन, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण एवढे ठेविले. कुळाचे टाक पुतण्याच्या स्वाधीन केले, कारण पुढील पिढीची पूजा त्याच्या घरी व्हावयाची आहे. देव अडगळीत राहण्यापेक्षा दुसऱ्याच्या नित्यपूजेत असणे हेच उचित. भंगलेल्या तसबिरी मात्र नदीत सोडू नयेत. पुराने आमच्या अंगणात काय काय आणून टाकिले ते आम्ही पाहिले आहे.

पोथ्या भिजल्या तर उन्हात घालू नयेत आणि चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, मध्ये टीपकागद घालून सावकाश वाळवाव्यात. चांगल्या स्थितीत असतील तर १९१७ साली पुण्यात स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्था हस्तलिखितांचे जतन करतात. आमच्या वाचलेल्या पोथ्या आम्ही एका संशोधनसंस्थेस दिल्या. आता त्या आमच्या नाहीत, म्हणूनच सुरक्षित आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे, द्यावयाचे ते आपल्या हाताने, आपण असताना द्यावे. गृहिणींची पैठणी सुनेस, जाते आणि उखळ शेजारच्या घरी, तांब्याचा बंब आणि मोठाली पातेली अन्नदान करणाऱ्या मंडळास दिली. प्रत्येक वस्तू देताना तिची हकिकत सांगितली. हकिकतीवाचून दिलेली वस्तू मोडीत जाते; हकिकतीसह दिलेली वस्तू त्या घरची होते.

पादुका

२०२३ च्या गुरुद्वादशीस पहाटे पादुकांचे दर्शन घेऊन आम्ही वाडीतून निघालो. वाडा घेणारे गृहस्थ तेथे यात्रेकरूंची उतरण्याची सोय करणार आहेत. वृंदावन हलवू नये एवढी एकच विनंती आम्ही केली, ती त्यांनी मान्य केली. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावे वसविलेल्या जयसिंगपुरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढा आता आमचा संसार. दर पौर्णिमेस एस. टी. ने वाडीस जातो. गुरुद्वादशीची पंगत आता आमच्या घरी होत नाही. तिचा शिधा अन्नछत्रात पोचता होतो.

त्याच दिवाळीत भाऊबीजेस आक्का आली. जिना न चढता वर पोचल्याचे तिला फार कौतुक वाटले. पाट होता, तबक होते, निरांजन होते. ओवाळून झाल्यावर तिने सज्जात ठेवलेल्या कुंडीतील तुळस पाहिली. परसातल्या वृंदावनाचेच ते रोप होते. काही न बोलता तिने तांब्यातील उरलेले पाणी त्या तुळशीस घातले आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन दिवस राहावयास येईन. एक जादा गादी करून ठेव."

श्रीगुरू निघाले तेव्हा योगिनींनी विरहाने विनविले आणि त्यांनी औदुंबरी आपला वास राहील असे आश्वासन दिले, अशी श्रीगुरुचरित्रात कथा आहे. कीर्तनात आम्ही ती अनेकदा सांगितली. निघणे म्हणजे सोडून जाणे नव्हे, एवढाच तिचा अर्थ आता आम्ही सांगतो. मागे पादुका ठेवाव्यात, बरोबर कमंडलू घ्यावा आणि पुढच्या गावी जाऊन दिवा लावावा. वाचकांची दिवाळी मंगलमय होवो.