मागच्या गाडीचा ब्रेक कोण दाबणार?

चाकांवरचं घर आणि घरामागे बांधलेली जीप! ऐकायला एकदम कूल. पण उतारावर ब्रेक मारायची वेळ येते, तेव्हा कळतं की खरा प्रॉब्लेम मागे आहे...

बोरघाटात लोड भरलेल्या ट्रकच्या पुढे गाडी चालवताना ‘याचे ब्रेक लागले नाहीत तर?’ असा विचार तुमच्याही मनात येऊन गेला असेल. पुणे-मुंबई करताना माझ्या तर दर वेळी यायचा. पण या प्रश्नानं मला खरं कामाला लावलं ते बोरघाटात नव्हे, थेट ॲरिझोनात.

२०१९ मध्ये मी फिनिक्सजवळ चँडलरला ऑनसाइट होतो. तिथे राहणाऱ्या माझ्या मामानं रिटायर झाल्या झाल्या मोटरहोम घेतलं. बेड, किचन, बाथरूम, सगळं आत. भरलेलं वजन साडेसहा टन! कॅम्पग्राउंडला एकदा पाणी-विजेची जोडणी केली, की हे धूड हलवायचा कंटाळा. दूध आणायला अख्खं घर घेऊन कोण जाणार? म्हणून मामाची जीप रँग्लर मागे बांधायची, चारही चाकं रस्त्यावर ठेवून. अशा ओढून नेलेल्या गाडीला तिकडे ‘टोड’ म्हणतात. शब्द ‘टोइंग’वरून आलेला, पण ऐकायला थेट बेडूक! मामीनं लगेच जीपचं बारसं केलं, ‘बेडकी’.

मामाचा हिशेब, मामीचा प्रश्न

टो-बार आला, सेफ्टी केबल आल्या, जीपचे मागचे दिवे मोटरहोमच्या दिव्यांबरोबर लागावेत म्हणून वायर आली. जादा ब्रेक सिस्टिमचा विषय निघाला, तेव्हा मात्र मामाचा पुणेरी बाणा जागा झाला. ‘‘अरे, एवढ्या मोठ्या गाडीला एवढे मोठे ब्रेक आहेत. जीप काय, आपोआप थांबेल!’’

मामीचं माहेर वाईजवळचं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, उताराला भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते. बैल थांबले म्हणून ती थांबत नाही. या बेडकीचा ब्रेक कोण दाबणार?’’

बोलती बंद. मी कागद घेऊन बसलो. मोटरहोम साडेसहा टन, जीप जवळजवळ दोन टन. ब्रेकचा जोर तोच आणि वजन तीस टक्के जास्त, म्हणजे थांबायचं अंतरही साधारण तेवढंच जास्त. समजा, ब्रेक दाबल्यावर ६० मीटरमध्ये थांबणारी गाडी आता ७८ मीटरवर थांबेल. मधले १८ मीटर म्हणजे चार मोटारी! शिवाय वळणावर ब्रेक मारला, की मागची जीप पुढच्या गाडीचं शेपूट ढकलणार ते वेगळंच. आणि ठरावीक वजनापुढच्या ओढलेल्या गाडीला स्वतःचे ब्रेक हवेत, असा नियम तिकडच्या अनेक राज्यांत आहे.

मामानं मुकाट क्रेडिट कार्ड काढलं.

ड्रायव्हरच्या जागी डबा

या सिस्टिमचे दोन प्रकार. एक जीपमध्ये कायमचा बसवायचा, दुसरा काढ-घाल करायचा. आम्ही दुसरा घेतला. फंडा सोपा आहे. ड्रायव्हरच्या पायाशी एक जड डबा ठेवायचा, त्याचा पंजा ब्रेक पेडलला पकडायचा आणि सीट पुढे सरकवून डबा मागून घट्ट टेकवायचा. पुढच्या गाडीचा वेग कमी होतोय हे डब्यातल्या सेन्सरला कळतं आणि डबा पेडल दाबतो. तुम्ही जोरात ब्रेक मारला तर तोही जोरात, हळू मारला तर हळू. थोडक्यात, बिनपगारी ड्रायव्हर!

एका शनिवारी ड्राइव्हवेमध्ये आमचं वर्कशॉप सुरू झालं. डबा ठेवायला दहा मिनिटं लागली, खरा वेळ खाल्ला तो ‘ब्रेकअवे स्विच’नं. हा जीपच्या पुढच्या बाजूला बसतो. त्यात एक पिन, पिनेला बारीक केबल, केबलचं दुसरं टोक पुढच्या गाडीला. जीप निसटली, की पिन उपसली जाते आणि डबा ब्रेक दाबून धरतो. त्याची वायर इंजिनच्या गरम भागांपासून लांब ठेवत आत आणताना माझी बोटं सोलून निघाली.

मग टेस्ट. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबलं. बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम निघून पेडल कडक झालं, की मगच डबा सेट करायचा. मी पिन उपसली. खटॅक! पेडल खाली. मामानं टाळी दिली. सॉलिड!

एक छोटीशी चूक

पुढच्या आठवड्यात आम्ही फ्लॅगस्टाफला गेलो. परत निघायच्या सकाळी शेजारच्या मोटरहोममधले एक आजोबा कॉफीचा मग घेऊन सहज आमच्या जोडणीकडे बघत उभे राहिले. मग वाकले आणि बारीक केबलला बोट लावून म्हणाले, ‘‘ही टो-बारला का बांधलीय?’’

मला आधी कळेचना. मग पोटात गोळा आला. टो-बारच मोटरहोमपासून सुटला असता, तर तो जीपबरोबरच गेला असता आणि केबलही त्याच्याबरोबर. पिन जागच्या जागी! दोन टनांची जीप हायवेवर बिनब्रेकची. ती केबल मीच बांधली होती. टेस्टमध्ये पिन मी हातानं उपसली होती, म्हणून सगळं ‘पास’. केबलचं दुसरं टोक कुठे आहे, हे कुणी बघितलंच नव्हतं.

मी ती सोडून मोटरहोमच्या पक्क्या भागाला बांधली, वळणावर ताणली जाणार नाही इतकी ढिली ठेवून.

फ्लॅगस्टाफ सुमारे २१०० मीटर उंचीवर, फिनिक्स जेमतेम साडेतीनशेवर. मधला आय-१७ म्हणजे बोरघाटाचा थोरला भाऊ. ब्रेक फेल झालेल्या ट्रकसाठी उतारावर वाळू-खडीची वेगळी वाट काढलेली. मामा खालच्या गिअरमध्ये उतरत होता. तेवढ्यात पुढची गाडी अचानक हळू झाली. मामानं ब्रेक दाबला आणि डॅशबोर्डवरचा छोटा लाल दिवा लागला. मागे रिकाम्या जीपमध्ये डबा पेडल दाबत होता. मामानं पाय काढला, दिवा विझला. मागून धक्का नाही, काही नाही.

मामीनं थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाली, ‘‘बेडकी शहाणी झाली हो!’’

निघण्यापूर्वी बघाच!

• केबल : ब्रेकअवे केबल टो-बारला नाही, थेट पुढच्या गाडीला.
• जीप : ट्रान्सफर केस न्यूट्रलला, स्टिअरिंगचं लॉक उघडं. प्रत्येक मॉडेल चारही चाकांवर ओढता येत नाही, मॅन्युअल वाचा.
• लाल दिवा : ब्रेक सोडूनही विझत नसेल तर लगेच बाजूला थांबा. मागचे ब्रेक घासून तापत असतील.
• बॅटरी : डबा जीपच्या बॅटरीवर चालतो. चार्जिंगची वायर जोडा, नाहीतर मुक्कामाला जीप ढिम्म हलणार नाही.
• रिव्हर्स : जीप बांधलेली असताना विसरा. आधी सोडा, मग मागे घ्या.