५,७३२ शेतांची सरहद्द

नेदरलँड्सच्या दक्षिणेला, बेल्जियमच्या हद्दीपासून काही किलोमीटर आत, बार्ले नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम दहा हजार. पण महापौर दोन, नगरपालिका दोन, देश दोन! डच भागाला बार्ले-नासाऊ म्हणतात, बेल्जियन भागाला बार्ले-हर्तोख.

गावाची मधोमध फाळणी झाली असती तर नवल नव्हतं. इथे मात्र डच भूमीत बेल्जियमचे २२ तुकडे विखुरलेत. त्यातल्या सर्वांत मोठ्या तुकड्याच्या पोटात पुन्हा सहा डच तुकडे, दुसऱ्या एकाच्या पोटात सातवा. आठवा डच तुकडा तर थेट बेल्जियमच्या मुख्य भूमीत जाऊन बसलाय. एकूण ३०. बेल्जियमचा सर्वांत लहान तुकडा २,६३२ चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अवघा २६ गुंठे. आपल्याकडे एवढ्या जमिनीवरून भावाभावांत वाद होतात. तिथे तेवढ्याची आंतरराष्ट्रीय सीमा आहे.

हा घोळ ११९८ चा. ब्राबांतच्या ड्यूकने ब्रेडाच्या सरदाराला इथली जमीन दिली, पण आधीच कसणाऱ्यांना दिलेली, पैसा देणारी शेतं स्वतःकडे ठेवली. ब्रेडा पुढे नासाऊ घराण्याकडे गेलं. मालकी वेगळी झाली खरी, पण ती एका सरंजामी व्यवस्थेतली वाटणी होती. १८३० मध्ये बेल्जियम वेगळा झाला आणि त्याच वाटणीतून दोन राष्ट्रं समोरासमोर आली. सीमा ठरवणारे अधिकारी २१४ क्रमांकाच्या खांबापर्यंत रीतसर रेघ ओढत आले आणि इथे त्यांनी हात टेकले. १८४३ च्या मास्ट्रिख्ट करारात २१४ आणि २१५ या खांबांच्या दरम्यान रेघच नाही! त्याऐवजी ५,७३२ शेतांची यादी आहे, प्रत्येकापुढे देशाचं नाव. दोन सार्वभौम राष्ट्रांनी मिळून सातबारा लिहिला, असंच म्हणायचं. त्यातही दोन गटांवरून भांडण उरलं, ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि १९५९ मध्ये दहा विरुद्ध चार मतांनी बेल्जियमच्या बाजूने सुटलं. शेवटची मोजणी १९९५ मध्ये संपली.

या तुकड्यांनी एकदा लष्करी कामही केलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीने जवळजवळ सगळा बेल्जियम व्यापला, पण बार्ले-हर्तोखला पोहोचायचं तर तटस्थ नेदरलँड्स तुडवावं लागलं असतं. बेल्जियनांनी तिथे १९१५ मध्ये बिनतारी संदेशकेंद्र उभारलं. डचांनी त्याभोवती कुंपण घातलं.

फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांची रांग दिसते, एका बाजूला एनएल, दुसऱ्या बाजूला बी. ही रांग घराखालून गेली तर ज्या देशात पुढचं दार, त्या देशाचं घर. साहजिकच दार सरकवून देश बदलल्याचे किस्से इथे चवीने सांगतात. एका घराच्या तर दारातूनच रेघ जाते, म्हणून त्याला दोन घर क्रमांक आहेत. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे बेल्जियमने कपड्यांची दुकानं बंद केली, नेदरलँड्सने नाही. सीमेवरच्या एका दुकानात मधोमध पट्टी लावून अर्धंच दुकान चालू राहिलं.

असला गुंता कूचबिहारलाही होता, तोही याहून मोठा: भारत-बांगलादेशच्या १६२ छिटमहलांचा, म्हणजे अशाच तुकड्यांचा. तो २०१५ मध्ये अदलाबदल होऊन संपला. आता परक्या तुकड्याच्या पोटातला तुकडा जगात आठच ठिकाणी उरला आहे. आठवा म्हणजे ओमानच्या मदह या तुकड्यातला नहवा. बाकीचे सात बार्लेत.